रात्री मावशी, सकाळी विद्यार्थिनी

वाचकाचं पत्र, थोडक्यात :

पत्र लिहिणाऱ्या ताई २६ वर्षांच्या आहेत. एका हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात त्या चार वर्षांपासून मदतनीस आहेत. स्पंजिंग, बेड बदलणं, बेडपॅन देणं, कूस बदलणं, पेशंटला एक्स-रेला नेणं-आणणं, सॅम्पल लॅबला पोचवणं ही त्यांची कामं. सध्या त्या नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहेत. घर त्यांच्या पगारावर चालतं, म्हणून नोकरी सुटलेली नाही. आठवड्यातून चार नाईट, रात्री आठ ते सकाळी आठ, आणि नऊपासून कॉलेज किंवा क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात पेशंटपाशी शिकणं. फार्माकॉलॉजीच्या, म्हणजे औषधशास्त्राच्या, चाचणीत त्या नापास झाल्या. स्किल लॅबमध्ये बीपी घेताना मॅडम म्हणाल्या, "वॉर्डात जे शिकून आलात ते आधी विसरा." इकडे वॉर्डात काही सिस्टर "आता तू शिकतेच आहेस की" म्हणत इंजेक्शन द्यायला, सलाईनचा वेग कमी-जास्त करायला सांगतात आणि नाही म्हटलं की रुसतात. बरोबरच्या मावश्या "आल्या मॅडम" म्हणून टोमणे मारतात.

मागच्या महिन्यात पहाटे स्पंजिंग करताना एका आजोबांचा श्वास त्यांना वेगळा वाटला. त्या लिहितात, "मी सिस्टरना म्हटलं, आजोबांना बहुतेक न्यूमोनिया होतोय. त्या म्हणाल्या, तू चादरी बदल, निदान करायला डॉक्टर आहेत. मी गप्प बसले. सकाळी त्यांना आयसीयूत हलवलं." त्यांचे प्रश्न असे : नोकरी सोडावी का? चार वर्षांच्या अनुभवाचा काहीच उपयोग नाही का? आणि आपण मदतनीस आहोत हे कॉलेजात सांगावं का? अजून त्यांनी ते कुणालाच सांगितलेलं नाही.

प्रिय ताई,

नोकरी सोडू का, हा तुमचा पहिला प्रश्न. पण पत्रातल्या सगळ्यात जास्त ओळी तुम्ही त्या आजोबांवर लिहिल्या आहेत. म्हणून तिथूनच सुरुवात करते.

तुमच्या हाताला जे जाणवलं ते बरोबर होतं. मोठ्या माणसाचा श्वास, तो स्वस्थ पडलेला असताना, मिनिटाला साधारण १२ ते २० असतो. तब्येत ढासळू लागली की बरेचदा तोच आधी बदलतो, बीपी मागाहून पडतं. आणि वॉर्डात सर्रास अंदाजाने लिहिला जाणारा आकडाही तोच. ताप थर्मामीटर सांगतो, नाडी आणि ऑक्सिजन बोटाला लावलेलं यंत्र सांगतं. श्वास मात्र घड्याळाकडे बघत मोजावा लागतो, आणि तोही पेशंटच्या लक्षात येऊ न देता, कारण आपला श्वास कुणी मोजतंय हे कळलं की माणूस तो वेगळाच घ्यायला लागतो. घाईच्या वॉर्डातले चार्ट चाळलेत तर त्या रकान्यात ओळीने २०, २०, २० दिसतील. स्पंजिंग करणाऱ्या बाईचा हात मात्र दहा-पंधरा मिनिटं पेशंटच्या छातीपाठीवर असतो. तुम्हाला ते सगळ्यांच्या आधी कळलं, यात मला नवल वाटत नाही.

पण सिस्टरना तुम्ही सांगितलंत काय? न्यूमोनिया. पहाटेच्या वेळी, अख्खा वॉर्ड एकटीने सांभाळणाऱ्या बाईने त्या वाक्यातला तेवढाच शब्द ऐकला आणि तिला तो आगाऊपणा वाटला. तिचं उत्तर चुकीचंच होतं, त्यावर मी पांघरूण घालणार नाही. पेशंटमध्ये काही बदल दिसला तर तो सांगणं हे मदतनिसाचंही काम आहे, त्याला नर्सिंगचा प्रवेश लागत नाही. तरीही तुमच्याकडे जे खणखणीत होतं ते तुम्ही मनातच ठेवलंत आणि जे कच्चं होतं ते बोलून दाखवलंत. हे वाक्य बघा : "सिस्टर, सहा नंबरचे आजोबा. मी पूर्ण मिनिट मोजलं, श्वास २८ आहे, संध्याकाळच्या चार्टवर १८ लिहिलाय. दोन शब्द बोलले की थांबतायत. काल माझ्याशी नीट बोलत होते. तुम्ही आत्ता एकदा येऊन बघाल का?" यात निदान कुठेच नाही. पण हे ऐकल्यावर "चादरी बदल" असं म्हणणं कुणालाही जड जाईल.

या रीतीला नर्सिंगमध्ये एसबार म्हणतात. आत्ता काय चाललंय, आधीची हकिकत काय, माझ्या मते बिघाड किती आणि मला तुमच्याकडून काय हवंय, या क्रमाने बोलायचं. अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवर माहिती देण्याची ही पद्धत होती, या शतकाच्या सुरुवातीला ती हॉस्पिटलांत आली. तुमच्या पाठ्यपुस्तकात ती कम्युनिकेशनच्या धड्यात असेल आणि दोन मार्कांच्या प्रश्नापुरती पाठही केलेली असेल. ती वापरायची जागा म्हणजे ती पहाट. मदतनीस म्हणून बोलताना तिसरी पायरी नरम ठेवा. "मला ते कालच्यासारखे वाटत नाहीत" इतकं पुरे.

आणि तरीही ऐकलं नाही तर? पाच मिनिटांनी पुन्हा मोजा आणि पुन्हा सांगा. दुसऱ्यांदाही धुडकावलं तर रात्रीच्या सुपरवायझर सिस्टरना सांगा, आणि आधी पहिल्या सिस्टरना "मी वर कळवते आहे" असं तोंडावर सांगून मग कळवा. त्याने वाईटपणा येईल. येऊ द्या. त्या रात्री तुम्ही दुसऱ्यांदा बोलला असता तर काय झालं असतं, हे तुम्हाला किंवा मला कळायची काही सोय नाही, तेव्हा तो हिशेब मांडत बसू नका.

आता अनुभवाचं. तुमच्या पत्रात एक गृहीत धरलेली गोष्ट आहे : चार वर्षं वॉर्डात काढली म्हणजे अर्धं नर्सिंग येतं, आणि मॅडमना त्याची किंमत नाही. मॅडमचं वाक्य मलाही आवडलं नाही, कारण "विसरा" म्हटल्याने कुणी काही विसरत नाही. पण त्यांना काय खटकलं असेल ते मी ओळखू शकते. बीपीचंच घ्या. वॉर्डात एकच कफ, म्हणजे दंडाला गुंडाळायचा पट्टा, असतो, तोच सगळ्या दंडांना. जाड दंडाला छोटा कफ लावला की बीपी आहे त्यापेक्षा जास्त दिसतं. हात खाली लोंबकळत असला, हृदयाच्या पातळीवर टेकवलेला नसला, तरीही जास्त दिसतं. शेकडो वेळा चुकीच्या कफने घेतलेलं बीपी हात सराईत करतं, आकडा मात्र बरोबर करत नाही. हात धुण्याचंही तसंच. जागतिक आरोग्य संघटनेने पाच प्रसंग सांगितले आहेत : पेशंटला हात लावण्याआधी, निर्जंतुक कामाआधी, रक्त-लघवीसारख्या द्रवांशी संबंध आल्यावर, पेशंटला हात लावून झाल्यावर आणि पेशंटभोवतीच्या वस्तूंना हात लावून झाल्यावर. पाचवा प्रसंग वॉर्डात हटकून सुटतो. बेडची कडी वर केली, लॉकरवरचा ग्लास सरकवला, पेशंटला तर शिवलोच नाही, मग हात कशाला धुवायचे? ही सवय तुम्हाला कुणी मुद्दाम लावलेली नाही, घाईने लावली आहे. सॅनिटायझरला २० ते ३० सेकंद लागतात, साबण-पाण्याला ४० ते ६०. ड्युटीवर एकदा मनात मोजून बघा, आपण किती लवकर थांबतो ते कळेल.

पॅट्रिशिया बेनर या अमेरिकी नर्स-संशोधिकेने १९८४ मध्ये नर्सच्या वाढीचे पाच टप्पे मांडले, अगदी नवख्यापासून निष्णातापर्यंत. त्यात तुमच्या कामाच्या दोन गोष्टी आहेत. एक, नुसती वर्षं उलटणं याला त्या अनुभव म्हणत नाहीत. आधीची समजूत प्रत्यक्ष पेशंटपाशी तपासली गेली, थोडी बदलली, तर तो अनुभव. दुसरी, मुरलेली नर्ससुद्धा अगदी अनोळखी विभागात गेली की पुन्हा नवखी ठरते. मग मदतनीस विद्यार्थिनी झाल्यावर नवखी ठरली, यात तुमची मानहानी कुठे आली?

तरीही तुमच्याकडे जे आहे ते वर्गातल्या बाकीच्या मुलींना मिळवायला अजून वेळ लागेल. पहिल्यांदा बेडपॅन उचलताना त्यांचा चेहरा बदलतो, तुमचा बदलत नाही. कण्हणाऱ्या माणसाशी काय बोलावं हे तुम्हाला सुचतं. सत्तरीचे आजोबाही तुम्हाला "अहो मावशी" म्हणून हाक मारतात आणि डॉक्टरांना न सांगितलेलं तुम्हाला सांगतात. हे सगळं पुस्तकाशी जोडायचं काम तेवढं उरलंय.

ते असं जोडा. रोज एकच प्रश्न घेऊन ड्युटीवर जा. समजा, आजचा प्रश्न सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांचा. कूस बदलताना माकडहाड, टाचा, डोक्याचा मागचा भाग, कोपरं बघा. लाल डाग दिसला तर बोटाने हलकेच दाबा आणि सोडा. दाबल्यावर पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर ठीक, दाबूनही लालच राहिला तर ती जखमेची पहिली पायरी आहे, सिस्टरना लगेच सांगायची. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे आजूबाजूपेक्षा गरम किंवा घट्ट लागतंय का ते हाताने बघा. मग दुसऱ्या दिवशी ब्रेडन स्केल काढून वाचा. अशा जखमांचा धोका मोजणारी, १९८७ मध्ये आलेली ही मोजपट्टी सहा गोष्टी बघते : दुखलं-खुपलेलं कळतं का, कातडी ओलसर राहते का, पेशंट किती हिंडतो-फिरतो, अंथरुणात स्वतः किती हलतो, पोटात किती जातं आणि सरकवताना कातडी घासते का. एकूण गुण ६ ते २३, आणि १८ किंवा खाली आले की धोका. यातल्या सहाही गोष्टी तुम्ही चार वर्षं बघत आलात, फक्त त्यांना गुण द्यायला कुणी सांगितलं नव्हतं. वही ठेवा, पण पेशंटचं नाव, बेड नंबर, काहीही त्यात नको. "साठीच्या बाई, लकवा, उजवी टाच" एवढ्यावर तुम्हाला आठवतं. आणि फोनमध्ये फोटो तर अजिबात नको.

लॅबमध्ये सॅम्पल घेणारे, ओपीडीच्या खिडकीवर बसणारे, ॲम्ब्युलन्सबरोबर जाणारे, आणि त्याच जोडीला नर्सिंग शिकणारे वाचकही मला लिहितात. त्यांनाही हीच वही चालेल. खिडकीवरच्या माणसाला रांगेत कोण भिंतीला टेकून उभं आहे ते डॉक्टरांच्या आधी दिसतं. लॅबवाल्याला कोणत्या ट्यूबमध्ये रक्त गोठून सॅम्पल वाया गेलं ते माहीत असतं, आणि ते का गोठलं हे फिजिऑलॉजीच्या पुस्तकात सापडतं.

इंजेक्शन आणि सलाईनबद्दल मात्र माझं उत्तर एका शब्दाचं आहे : नाही.

विद्यार्थिनी म्हणून इंजेक्शन देता तेव्हा शेजारी शिकवणारी व्यक्ती उभी असते, कॉलेज तुमची जबाबदारी घेतं आणि चार्टवर कुणीतरी सही करतं. त्याच हाताने रात्री मदतनीस म्हणून इंजेक्शन दिलंत तर यातलं काहीही नसतं. काही बिघडलं तर तुमची नोकरी जाईल आणि कॉलेजही तुम्हाला जाब विचारेल. सांगणाऱ्या सिस्टरचाही परवाना अडचणीत येईल, हे त्या रात्रीच्या घाईत त्यांच्या ध्यानात नसतं. काम सोपवण्याचे पाच निकष तुम्हाला पुढे शिकवतील : काम योग्य, परिस्थिती योग्य, माणूस योग्य, सूचना योग्य, देखरेख योग्य. मदतनिसाला इंजेक्शन द्यायला सांगताना पहिल्याच निकषावर गाडी अडते. "तुला येतं ना?" हा प्रश्न त्या पाचांत नाही.

नाही म्हणताना भाषण देऊ नका. "सिस्टर, मला ड्युटीवर परवानगी नाही, दोघींनाही महागात पडेल. तुम्ही द्या, तोवर मी चार नंबरची कूस बदलून घेते." दुसरं काम लगेच उचलल्याने राग निम्मा तरी उतरतो. सलाईनपाशी मात्र तुम्ही डोळे मिटून घ्यायचे नाहीत. बाटली संपत आली, सुईजवळ सूज आली, हात गार पडलाय, नळी पिळली आहे, हे सांगा. वेगाच्या चकतीला हात लावू नका. नातेवाईक "रिपोर्ट काय आला हो, तुम्ही शिकताय ना?" असं विचारतील. त्यांना सिस्टरकडे पाठवा, माहीत असलं तरी. आणि हे सगळं करूनही तेच तेच सांगितलं जात असेल तर तुमच्या कामाचं लेखी स्वरूप कार्यालयातून मागून घ्या. बहुतेक मदतनिसांनी तो कागद कधी पाहिलेलाच नसतो.

याच्या उलट बाजूनेही सावध राहा. पोस्टिंगला गेल्यावर वॉर्डात ओळख निघते, "अगं, तुला तर येतंच" म्हणून तुम्हाला बेड करायला जुंपतात आणि बाकीच्या मुली कॅथेटर घालताना बघत असतात. हे दुखणं जुनं आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाची शाळा १८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात सुरू झाली. पुढे ठिकठिकाणी हॉस्पिटलांनी शाळा काढल्या आणि कित्येक ठिकाणी शिकणाऱ्या मुलींच्या कष्टावरच वॉर्ड चालू लागले. दिवसभर राबायचं आणि दमल्यावर व्याख्यान ऐकायचं. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या गोल्डमार्क अहवालाने यावर स्पष्ट बोट ठेवलं की हॉस्पिटलची गरज आणि मुलींचं शिक्षण यांत ओढाताण झाली की शिक्षण मागे पडतं. ही ओढाताण तुमच्या एकटीच्या आठवड्यात रोज होते आहे. पोस्टिंगच्या दिवशी "बेड मी नंतर करते, आधी मला हे बघायचंय" असं म्हणायला लाजू नका. त्या दिवशी तुम्ही पगारावर नसता.

आता झोप. तुमच्या पत्रात ती एका ओळीत उरकली आहे : "झोप कमी होते, पण सवय झाली." ही सवय होत नाही, ताई. कमी झोपेत मन रुळल्यासारखं वाटतं, चुका होतच राहतात. १९९७ मध्ये नेचर या विज्ञान नियतकालिकात डॉसन आणि रीड यांचा एक प्रयोग छापून आला. सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसांचं हाता-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकं घसरलं होतं, २४ तासांनी जवळपास ०.१० टक्के असल्याइतकं. तुमचा दिवस यात बसवून बघा. सकाळी सातला उठलात, चारपर्यंत कॉलेज, आठला ड्युटी. मध्यरात्री बारालाच १७ तास भरले. सकाळी सातला २४. नऊला पोस्टिंगवर औषधांच्या ट्रेपाशी उभ्या राहता तेव्हा २६. फार्माकॉलॉजीत नापास झालात याचं खापर तुम्ही हुशारीवर फोडलं आहे, मी ते आधी या हिशेबावर फोडेन. दिवसभर वाचलेलं पक्कं होतं ते बरंचसं झोपेतच.

तेव्हा पहिला बदल हा : नाईटच्या दुसऱ्या सकाळी पोस्टिंग नाही. नोकरी राहो न राहो, यावर तडजोड नको, कारण तिथे चूक झाली तर ती पेशंटच्या अंगावर होते. नाईट घ्यायचीच तर सुट्टीच्या आदल्या रात्री घ्या. ड्युटीला निघण्याआधी दीड-दोन तास झोपा, अभ्यास राहिला तरी. सकाळी स्वतः गाडी चालवत घरी जाऊ नका.

यासाठी चार नाईट दोनवर आणाव्या लागतील आणि इथे पगाराचा प्रश्न येतो. त्यावर मी लांबून फार बोलणं बरं नाही, पण एक गोष्ट करा : घर चालायला नेमक्या किती ड्युट्या लागतात, ते कागदावर मांडा. कधीतरी चार ठरल्या आणि मग चारच चालू राहिल्या, असं पुष्कळांचं होतं. मग नर्सिंग सुपरिंटेंडेंटना भेटा. रिकाम्या हाती जाऊ नका. कॉलेजचं सहा महिन्यांचं वेळापत्रक, परीक्षेच्या तारखा, आणि तुमचा प्रस्ताव एका पानावर : शनिवार-रविवार पक्के, सणासुदीच्या ड्युट्या मी घेईन, परीक्षेच्या महिन्यात बिनपगारी रजा. सुट्टीच्या दिवसांना माणूस मिळत नाही, ही त्यांची अडचण आहे, तिथे तुम्ही उपयोगी पडता. ओपीडी, निर्जंतुकीकरण विभाग, रेकॉर्ड रूम अशा दिवसाच्या आणि अंगमेहनत कमी असलेल्या जागाही विचारा. वॉर्ड सुटल्याने शिकणं थांबत नाही. निर्जंतुकीकरण विभागात दोन महिने काढलेली मुलगी ऑपरेशन थिएटरच्या पोस्टिंगला सगळ्यांच्या पुढे असते. आणि हॉस्पिटल फी भरायला तयार असेल तर सही करण्याआधी बाँड नीट वाचा : किती वर्षं, मध्येच सोडलं तर किती भरायचं, नापास झालं तर काय.

फार्माकॉलॉजीसाठी पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणं बंद करा. पुस्तक मिटून स्वतःला विचारा, अडलं की उघडा. वाचत राहण्यापेक्षा आठवून बघितलेलं आठवड्यानंतर जास्त टिकतं, हे रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये प्रयोगाने दाखवलं आहे, आणि दमलेल्या माणसाला तर दुसरा उपायच नाही. औषधं शेपटीने धरा. नावाच्या शेवटी "ओलॉल" असेल तर हृदयाचे ठोके मंदावतात, म्हणून द्यायच्या आधी नाडी आणि बीपी बघायचं. शेवटी "प्रिल" असेल तर काहींना कोरडा खोकला लागतो. वॉर्डातला तो पेशंट आठवा, छाती स्वच्छ, ताप नाही आणि रात्रभर ठसका. त्याच्या औषधांच्या यादीत रामिप्रिल किंवा एनालाप्रिल होतं का? अशी एक आठवण सापडली की तो अख्खा गट डोक्यात बसतो. वर्गातल्या मुलींना हे उदाहरण पाठ करावं लागतं, तुम्ही ते ऐकलेलं आहे.

तर नोकरी सोडायची का? आज सोडू नका. ती अर्धी करा आणि एका सत्रापुरतं बघा. त्यानंतर तीनपैकी एक जरी गोष्ट दिसली तर सोडा : तोच विषय पुन्हा राहिला, पोस्टिंगवर डुलकी लागली, किंवा ड्युट्या कमी करायला हॉस्पिटलने साफ नकार दिला. "एवढी वर्षं केली आणि आता सोडू?" हा विचार बाजूला ठेवा. वर्ष वाया गेलं तर सिस्टरचा पगार एक वर्ष लांबतो, तो तोटा आजच्या या ड्युट्यांच्या पगाराशी ताडून बघा, बहुतेक आकडा तुमच्या घरच्यांनाही पटेल. मदतनिसाची जागा पुढेही मिळते. कॉलेज सोडण्याचा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, त्यामुळे मीही विचारत नाही.

टोमण्यांचं फार मनावर घेऊ नका, पण एक बघा : शिकायला लागल्यापासून तुमच्या वाट्याची जड कामं कुणी दुसरी मावशी करते आहे का? पुस्तक घेऊन कोपऱ्यात बसलात आणि बेल वाजली तेव्हा कोण उठलं? तसं होत असेल तर टोमण्यात तथ्य आहे आणि त्याला उपायही आहे. तसं नसेल तर थोड्या दिवसांनी आपोआप थंडावतील.

राहिलं कॉलेजात सांगणं. सगळ्या वर्गाला सांगायची गरज नाही, पण एखाद्या मैत्रिणीला सांगा, निदान नाईटच्या दुसऱ्या दिवशीच्या नोट्स मागताना खोटं कारण द्यावं लागणार नाही. क्लिनिकल इन्स्ट्रक्टरना मात्र नक्की सांगा, आणि लवकर. त्या "विसरा" म्हणाल्या तेव्हा त्यांना बहुधा तुमचे हात दिसले, तुमच्या चार नाईट नाही. दुसरं कारण अगदी व्यवहाराचं आहे. पुढच्या पोस्टिंगला तुमचं नाव तुमच्याच वॉर्डात लागलं तर त्याच सिस्टर, त्याच मावश्या आणि कदाचित तेच पेशंट समोर असतील, आणि तुम्ही नक्की कोण म्हणून उभ्या आहात हे कुणालाच उमगणार नाही. दुसरा विभाग मागून घ्या. त्याच वॉर्डात जावंच लागलं तर त्या दिवसांत तिथली ड्युटी घेऊ नका, ओळखपत्र कॉलेजचंच लावा आणि पहिल्या सकाळी इनचार्ज सिस्टरना सांगा की आज मी विद्यार्थिनी म्हणून आले आहे. हे बोलणं पोस्टिंगची यादी लागण्याआधी उरका. यादी फलकावर गेली की मॅडमनाही नाव हलवायला जड जातं.